दक्षिणेचे एकुलते स्लिपर ऑर्किड : जंगल, लालबाग आणि आनेकलचे पठार

बंगळूर नगर जिल्ह्याचा दक्षिणेकडील आनेकल तालुका समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीच्या पठारावर वसला आहे. त्याच्या पश्चिमेला बन्नेरघट्टचे पानझडी जंगल पसरले आहे, पूर्वेला अत्तिबेले ओलांडताच तमिळनाडूचे होसूर लागते आणि उत्तरेकडून इलेक्ट्रॉनिक्स सिटीची वस्ती दरवर्षी थोडी थोडी पुढे सरकते आहे. या पट्ट्यातील फुलशेती जुनी आहे. मोगरा, शेवंती आणि झेंडू यांच्या वाफ्यांशेजारी गेल्या काही दशकांत गुलाब आणि जरबेरा यांची पॉलिहाउसे उभी राहिली. मात्र ज्या फुलाचा इतिहास येथे मांडायचा आहे, ते स्लिपर ऑर्किड, म्हणजे वहाणेच्या पुढच्या भागासारखी फुगीर पाकळी असलेले ऑर्किड, या तालुक्यात जंगली अवस्थेत कधीही उगवलेले नाही. दख्खनच्या कोरड्या जंगलांत झाडांच्या खोडांवर रास्नेसारखी ऑर्किडे तग धरतात, कारण त्यांची जाड मुळे हवेतला ओलावा शोषून पुढच्या पावसापर्यंत निभावून नेतात. स्लिपर ऑर्किडला अशी सोय नाही. तरीही या फुलाच्या दक्षिण भारतातील इतिहासाचा मोठा भाग बंगळूरशी आणि तेथील बागायतीच्या परंपरेशी जोडलेला आहे, आणि आज ते हौसेने वाढवू पाहणाऱ्याला जे प्रश्न पडतात ते आनेकलच्या पाण्याशी आणि हवेशी थेट भिडणारे आहेत.

वनस्पतिशास्त्रात स्लिपर ऑर्किडांचा एक स्वतंत्र उपकुल मानला जातो आणि त्यात पाच प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट, येतात. त्यांपैकी भारतात दोन आढळतात. सिप्रिपेडियम ही थंड प्रदेशातील प्रजाती हिमालयात उंचावर वाढते, तर पॅफिओपेडिलम ही उष्ण आणि समशीतोष्ण आशियातील प्रजाती मुख्यतः ईशान्य भारतात आणि एका जातीपुरती दक्षिणेत सापडते. इतर बहुतेक ऑर्किडांच्या फुलात एकच फलनक्षम पुंकेसर असतो; स्लिपर ऑर्किडांत असे दोन असतात, आणि तिसरा वांझ होऊन फुलाच्या मध्यभागी ढालीसारखा चकचकीत पडदा बनतो. खालची पाकळी पिशवीसारखी असते. तिच्या कडा आत वळलेल्या आणि गुळगुळीत असल्याने आत घसरलेला कीटक आल्या वाटेने बाहेर पडू शकत नाही. पिशवीच्या मागच्या बाजूस, देठाकडे, केसांची एक चढण असते. तिच्यावरून सरकत कीटक आधी स्त्रीकेसराच्या खालून आणि मग एका पुंकेसराला घासून अरुंद फटीतून सुटतो, आणि त्या घासण्यात त्याच्या पाठीला चिकट परागकण लागतात. पुढच्या फुलात शिरल्यावर तेच परागकण स्त्रीकेसराला आधी टेकतात, म्हणून परपरागण घडते. ही यंत्रणा चार्ल्स डार्विनला प्रथम नीट उलगडली नव्हती. 1862 साली प्रसिद्ध झालेल्या ऑर्किडांवरील ग्रंथात त्याने कीटक बाहेरूनच सोंड खुपसत असावेत असे मानले होते. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याने शंका उपस्थित केल्यावर डार्विनने एक लहान मधमाशी स्वतः सिप्रिपेडियमच्या पिशवीत सोडली, ती मागच्या फटीतून परागाने माखून बाहेर येताना पाहिली आणि 1877 च्या आवृत्तीत आपले विवेचन बदलले. पॅफिओपेडिलमच्या काही जातींत मधमाशीऐवजी फुलमाश्या फसतात. मधल्या ढालीवरील ठिपके आणि गाठी पाहून त्यांना मावा आहे असे वाटते, त्या अंडी घालायला उतरतात आणि पिशवीत पडतात. फुलात मध नसतो, म्हणजे कीटकाला या साऱ्या खटाटोपाचा मोबदला काहीच मिळत नाही.

थंडी सोसणारी, म्हणजे बर्फाखाली कंद जिवंत ठेवून वसंतात पुन्हा फुटणारी स्लिपर ऑर्किडे ही सिप्रिपेडियम प्रजातीतली. पश्चिम आणि मध्य हिमालयात सिप्रिपेडियम कॉर्डिजेरम ही पांढऱ्या पिशवीची आणि सिप्रिपेडियम हिमालयिकम ही तांबूस छटेची जाती कुरणांत आणि झुडपांच्या कडेला आढळते. दुसरी जाती उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच्या फुलांत गणली जाते. या झाडांना दरवर्षी कित्येक आठवडे सलग कडाक्याच्या थंडीची गरज असते, कारण त्या थंडीवाचून जमिनीखालचा डोळा फुटण्याची वेळच येत नाही. बंगळूरच्या जानेवारीत रात्रीचे तापमान सरासरी 15 ते 16 अंशांवर थांबते, त्यामुळे आनेकलच्या उघड्या माळावर ते अंश-दोन अंशांनी उतरले तरी सिप्रिपेडियमचा हिवाळा येथे कधीच येत नाही. युरोप आणि अमेरिकेत ज्या अर्थाने कणखर स्लिपर ऑर्किडे बागेच्या जमिनीत लावली जातात, त्या अर्थाने दक्षिण भारतात ही हौस अशक्य आहे. दक्षिणेचा कणखरपणा वेगळ्या जातीत आणि वेगळ्या गुणात शोधावा लागतो.

ती जाती म्हणजे पॅफिओपेडिलम ड्रुरी. केरळ आणि तमिळनाडू यांच्या सीमेवरील अगस्त्यमलै डोंगररांगेत, सुमारे 1,500 मीटर उंचीच्या उतारांवर, गवताच्या झुबक्यांत आणि खडकांच्या फटींत ती वाढते. तिच्या बहुतेक बहिणी झाडांच्या दाट सावलीत, पालापाचोळ्याच्या ओलसर थरात राहणाऱ्या आहेत. ड्रुरी मात्र वारा आणि ऊन अंगावर घेते. तिचे खोड जमिनीलगत लांब सरपटत जाते, आणि एका फुटव्यापासून दुसरा फुटवा काही अंतरावर निघतो, त्यामुळे गवताच्या मुळ्यांमधून वाट काढत तिचे बेट पसरत जाते. पाने पट्ट्यासारखी, जाडसर, निव्वळ हिरवी असतात. इतर अनेक जातींच्या पानांवर दिसणारी चित्रविचित्र नक्षी येथे नाही. केसाळ दांड्यावर एकच फूल येते. वरचे दल पिवळसर हिरवे असून त्याच्या मधोमध तळापासून टोकापर्यंत गडद तपकिरी पट्टा ओढलेला असतो, तसाच पट्टा बाजूच्या दोन किंचित खाली झुकलेल्या पाकळ्यांवरही असतो, आणि पिशवी मेणासारख्या झळाळीची सोनेरी पिवळी असते. फुलाचा आकार बेताचाच असतो, पण रंगांची रेखीव वाटणी आणि त्या तीन पट्ट्यांची शिस्त यांमुळे ते एकदा पाहिलेले कोणी विसरणे कठीण आहे.

संपूर्ण पश्चिम घाटात, डांगपासून कन्याकुमारीपर्यंत, स्लिपर ऑर्किडची ही एकच जाती आहे. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत ऑर्किडांची संख्या मोठी आहे. सांतापाव आणि कपाडिया यांच्या 1966 सालच्या 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' या ग्रंथात त्यांचा साक्षेपी परिचय मिळतो, परंतु त्यात स्लिपर ऑर्किड नाही, कारण येथे ते नाहीच. ड्रुरीची जवळची भावंडे मेघालय, आसाम आणि पूर्व हिमालयात, म्हणजे 2,000 किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहेत. एवढी दरी मध्ये कशी पडली, याचे उत्तर शोधताना मराठी वाचकाच्या परिचयाचा सातपुडा समोर येतो. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात, ईशान्येकडील डोंगरी माशांचे आप्त पश्चिम घाटात का सापडतात हे सांगण्यासाठी, विंध्य आणि सातपुडा या रांगा एके काळी अधिक दमट असून त्यांच्यावरून जीवांचे स्थलांतर झाले, अशी उपपत्ती मांडली. पुढे अनेक अभ्यासकांनी तिच्यावर आक्षेप घेतले, आणि ऑर्किडाची धुळीइतकी हलकी बीजे वाऱ्यानेही दूर जाऊ शकतात हे ध्यानात घेतले पाहिजे. तरीही निलगिरीतील ऱ्होडोडेंड्रॉन आणि अगस्त्यमलैचे हे ऑर्किड यांच्याकडे पाहताना, थंड आणि ओल्या काळात पसरलेल्या वनस्पती पुढे हवा कोरडी होत गेल्यावर उंच माथ्यांवर अडकून पडल्या, हे स्पष्टीकरण सर्वांत समाधानकारक वाटते.

या जातीची नोंद 1865 साली झाली. मद्रास लष्करातील अधिकारी कर्नल हेबर ड्रुरी हा त्रावणकोरात असताना त्याला ही वनस्पती सापडली. भारतातील उपयुक्त वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ 1858 मध्ये मद्रासेत निघाला होता. तिचे शास्त्रीय वर्णन मद्रास वनखात्याचा प्रमुख रिचर्ड हेन्री बेडोम याने 1874 मध्ये, आपल्या सचित्र वनस्पतिग्रंथात, सिप्रिपेडियम ड्रुरी या नावाने केले; पॅफिओपेडिलम ही प्रजाती वनस्पतिशास्त्रज्ञ फिट्झर याने 1886 मध्ये वेगळी काढल्यानंतर 1892 मध्ये आजचे नाव आले. बेडोम ज्या वनखात्यात वाढला त्याचा पाया ह्यू क्लेगहॉर्न याने घातला होता, आणि त्याच क्लेगहॉर्नच्या सल्ल्याने 1856 मध्ये बंगळूरच्या लालबागेला सरकारी वनस्पती उद्यानाचे रूप मिळाले. दक्षिणेची जंगले मोजणारी आणि दक्षिणेच्या बागा मांडणारी माणसे त्या पिढीत अशी एकाच वर्तुळातली होती, ही गोष्ट पुढचा इतिहास समजण्यासाठी महत्त्वाची आहे.

लालबागेची मुळे त्याहून जुनी आहेत. हैदर अलीने 1760 मध्ये ही बाग सुरू केली, टिपू सुलतानाने ती वाढवली आणि दूरदूरची रोपे आणवली. ज्या बंगळूरने 1638 नंतर शहाजीराजांची जहागीर पाहिली होती, तेथे बागायतीचे कौशल्य प्रत्यक्ष राबवले ते तिगळ समाजाने. भाजीपाला आणि फुले पिकवणारा, तळ्याच्या पाण्यावर वाफे बांधण्यात वाकबगार असा हा समाज महाराष्ट्रातील माळी समाजाशी व्यवसायाच्या दृष्टीने सरळ तुलना होण्याजोगा आहे. धर्मराय मंदिरातून निघणारा करग हा त्यांचा उत्सव बंगळूरप्रमाणे आनेकलमध्येही साजरा होतो, आणि त्यात डोक्यावर वाहिला जाणारा करग, म्हणजे कलश, मोगऱ्याच्या कळ्यांनी मढवलेला असतो. या परंपरेत फुलाची किंमत सुगंधावर, ताजेपणावर आणि देवाला किंवा वेणीत चालण्यावर ठरते. बंगळूरच्या फूलबाजारात आजही माळ कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताच्या मापाने, म्हणजे मोळाने, मोजून दिली जाते. स्लिपर ऑर्किडाला यांपैकी कशातही जागा नव्हती. ते ओवता येत नाही, बहुतेकांना वास नसतो, एका झाडाला वर्षातून एकच फूल येते. त्याचा गुण एवढाच की ते झाडावर कित्येक आठवडे टिकते. ते तोडण्याचे नव्हे, बघत राहण्याचे फूल आहे, आणि बघत राहण्याची ही पद्धत बंगळूरमध्ये सरकारी बागेतून आणि छावणीच्या बंगल्यांच्या व्हरांड्यांतून आली.

त्या पद्धतीचे टप्पे लालबागेच्या कागदपत्रांत आणि ग्रंथांत स्पष्ट दिसतात. विल्यम मन्रो या लष्करी अधिकाऱ्याने 1837 मध्ये बंगळूरच्या बागेतील वनस्पतींची 'हॉर्टस बँगलोरेन्सिस' ही यादी छापली. लंडनच्या क्यू उद्यानात तयार झालेला विल्यम न्यू 1858 मध्ये लालबागेचा अधीक्षक म्हणून आला. आणि 1874 मध्ये, म्हणजे बेडोमने ड्रुरीचे वर्णन केले त्याच वर्षी, जॉन कॅमेरॉनने सूत्रे हाती घेतली. कॅमेरॉनच्या 1908 पर्यंतच्या कारकिर्दीत काचघर उभे राहिले आणि झाडांच्या देवाणघेवाणीला शिस्त आली. बंगालमधील पाद्री फर्मिंजर याने लिहिलेले भारतीय बागकामाचे प्रसिद्ध पुस्तक 1904 च्या पाचव्या आवृत्तीसाठी कॅमेरॉननेच नव्याने लिहिले, आणि त्याची सहावी आवृत्ती 1918 मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील विल्यम बर्न्स याने सिद्ध केली. एकाच पुस्तकाच्या लागोपाठच्या दोन आवृत्त्या बंगळूर आणि पुणे येथे तयार व्हाव्यात, यातून दख्खनच्या पठारावरील बागकाम हा एक सलग विषय आहे ही जाण त्या काळी होती, असे म्हणता येते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या वार्षिक पुष्पप्रदर्शनात आणि लालबागेच्या काचघरातील प्रदर्शनात एकमेकांचे प्रतिबिंब आजही दिसते. कॅमेरॉननंतर आलेला जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल हा तर आधी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या पदरी होता. कृष्णराज वडियारांच्या राज्यात आल्यावर त्याने बंगळूरच्या रस्त्यांना ऋतूमागून ऋतू फुलणारी झाडे दिली, आणि 1912 मध्ये म्हैसूर हॉर्टिकल्चरल सोसायटी निघाली, जिच्यामुळे पुष्पप्रदर्शन हा शहराचा उत्सव झाला.

मात्र फुलाचे कौतुक आणि झाडाची लागवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकोणिसाव्या शतकात ऑर्किडांच्या बाबतीत पहिली फोफावली, दुसरी जवळजवळ नव्हतीच. त्या काळी ऑर्किड वाढवणे म्हणजे जंगलातून उपटून आणलेले झाड जितके दिवस जगेल तितके दिवस जगवणे. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरने आपल्या हिमालयातील प्रवासवर्णनात खासी टेकड्यांतील निळ्या वांडा ऑर्किडाची हकिगत लिहून ठेवली आहे : त्याने क्यूसाठी सात हमालांची ओझी भरतील एवढी झाडे गोळा केली, पण त्यांतली फार थोडी इंग्लंडला जिवंत पोहोचली, दुसऱ्या एकाने एक ओझे पाठवले, ते वाईट अवस्थेत पोहोचूनही 300 पौंडांना विकले गेले. स्लिपर ऑर्किडांचा बाजार याच रीतीने चालला. वनस्पतिशास्त्रज्ञ वॉलिचने सिल्हेटकडून पाठवलेल्या व्हेनुस्टम आणि इन्सिग्ने या जाती 1820 च्या आसपास युरोपात फुलल्या आणि त्यांनी या फुलाची गोडी लावली. फेरिएनम ही जाती 1857 मध्ये इंग्लंडच्या लिंडलीने वर्णन केल्यावर काचघरांतून हळूहळू मेली, तिचे मूळ ठिकाण कोणालाच माहीत नव्हते, आणि शेवटी सँडर या व्यापाऱ्याने तिच्यासाठी 1,000 पौंडांचे बक्षीस लावले. 1905 मध्ये ती भूतानच्या बाजूने पुन्हा हाती लागली. ईशान्येकडील जातींचा विस्तार निदान मोठा होता. ड्रुरीचे सारे घर काही माथ्यांपुरते होते, ती उघड्या गवतात वाढत असल्याने दुरून दिसत होती, आणि सलग बेटाने पसरत असल्याने एका कुदळीत अनेक झाडे निघत होती. कणखरपणाच्या ज्या गुणांनी तिला वाऱ्यात टिकवले त्यांनीच तिला माणसाच्या हाती सोपे करून दिले. गवताला लागणाऱ्या वणव्यांची भर पडली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास ही जाती निसर्गातून नाहीशी झाली असे मानले जाऊ लागले. 1970 च्या दशकात ती पुन्हा आढळली, तेव्हा संग्राहकांची नजर पुन्हा तिकडेच वळली. आज तिची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते.

झाड उपटल्यावाचून मिळवण्याची वाट प्रयोगशाळेतून निघाली. ऑर्किडाच्या बीजात अंकुराला पोसणारा अन्नसाठा नसतो. जंगलात ते बीज विशिष्ट बुरशीच्या संगतीनेच रुजते, हे फ्रान्सच्या नोएल बर्नारने 1899 मध्ये दाखवले. 1922 मध्ये अमेरिकेच्या लुइस नडसनने साखर आणि क्षार मिसळलेल्या अगारावर, म्हणजे समुद्रशेवाळापासून केलेल्या जेलीवर, बुरशीशिवाय बीजे रुजवली, आणि एका शेंगेतून हजारो रोपे मिळण्याची शक्यता निर्माण झाली. 1960 मध्ये फ्रान्सच्या मोरेलने कोंबाच्या टोकापासून एकाच झाडाच्या असंख्य प्रती काढण्याची रीत दिली. सिंबिडियम आणि डेंड्रोबियम यांचा आजचा स्वस्त बाजार तिच्यातूनच उभा राहिला. पॅफिओपेडिलमने या दुसऱ्या रीतीला दाद दिली नाही. तिचे कोंब काचेत सहसा काळे पडतात किंवा वाढत नाहीत, म्हणून तिची वाढ आजही मुख्यतः बीजावर आणि जुन्या बेटाच्या विभागणीवर अवलंबून आहे, आणि बीजापासून फुलापर्यंत चार ते सात वर्षे जातात.

थंड प्रदेशातील स्लिपर ऑर्किडानेही हाच रस्ता पाहिला. इंग्लंडमध्ये सिप्रिपेडियम कॅल्सिओलस संपले असे मानले गेले होते. 1930 मध्ये यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात त्याचे एकच झाड सापडले आणि पुढे अर्धशतक ते गुपित राखून त्यावर पहारा ठेवावा लागला. 1983 मध्ये क्यू येथे सुरू झालेल्या प्रकल्पात बीजे काचेत रुजवण्याची पद्धत बसवण्यात आली, रोपे मूळ प्रदेशात लावण्यात आली, आणि 2000 साली लावलेल्या झाडाला पहिले फूल आले. दक्षिण भारतात ड्रुरीसाठी हे काम तिरुवनंतपुरमजवळील पालोड येथे 1979 मध्ये स्थापन झालेल्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान आणि संशोधन संस्थेने केले; तेथे ही जाती बीजापासून काचेत वाढवली गेली आणि रोपे अगस्त्यमलैच्या उतारांवर परत नेण्यात आली. शंभर वर्षे जंगलातून बागेकडे वाहणारा ओघ या ठिकाणी उलटला, आणि ड्रुरीच्या साऱ्या इतिहासातील ही सर्वांत मोलाची घटना आहे.

कायदा थोड्या वेगळ्या वाटेने गेला. धोक्यातील प्राणी आणि वनस्पती यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने 1989 मध्ये सबंध पॅफिओपेडिलम प्रजातीला पहिल्या परिशिष्टात, म्हणजे जंगली झाडांचा व्यापार पूर्ण बंद असलेल्या यादीत, टाकण्याचे ठरवले. भारताने 1991 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात वनस्पतींसाठी नवे प्रकरण घातले आणि सहाव्या अनुसूचीत मोजक्या सहा नोंदी केल्या : बेडोमचा सायकस, निळी वांडा, तांबडी वांडा, कुठ, कलशपर्णी आणि स्लिपर ऑर्किडे. या नोंदींतील झाड जंगलातून उपटणे गुन्हा ठरलेच, शिवाय ते लावण्यासाठी आणि विकण्यासाठीही राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा परवाना आवश्यक झाला. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली. उपटण्यावरील बंदी अत्यंत योग्य होती आणि ती दोन दशके आधी यायला हवी होती. परंतु बीजापासून झाड वाढवणारा आणि डोंगरावरून ते खणून आणणारा या दोघांना एकाच दारात उभे केल्यामुळे, छोट्या रोपवाटिकेने या जातींच्या वाटेला जाऊ नये असेच वळण लागले. गुलाब आणि जरबेरा यांची पॉलिहाउसे ज्या पट्ट्यात सहज उभी राहिली, तेथे काचेत वाढवलेल्या देशी स्लिपर ऑर्किडांचा व्यवसायही रुजू शकला असता. हौशी माणूस मग परदेशी संकरांकडे वळतो, आणि आपल्याच डोंगरातील जाती त्याला छायाचित्रांतूनच माहीत होते. जंगलातील झाडावरचा दाब कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे बागेतले झाड मुबलक आणि स्वस्त होणे. यॉर्कशायर आणि पालोड या दोन्ही उदाहरणांचा रोख तिकडेच आहे.

बंगळूर आणि आनेकलच्या हवेत पॅफिओपेडिलम वाढवण्याची कला याच काळात, कर्नाटकातील ऑर्किडप्रेमींच्या संघटनेच्या आणि लालबागेतील प्रदर्शनांच्या आधाराने, हळूहळू बसत गेली. या प्रजातीला कंद किंवा फुगीर खोड नसते, म्हणजे पाण्याची साठवण नसते. मुळे मोजकी, तपकिरी आणि केसाळ असतात आणि ती कधीही पूर्ण वाळू द्यायची नसतात, पण साचलेल्या पाण्यात तीच आठवड्याभरात कुजतात. म्हणून कोळशाचे आणि विटांचे तुकडे, झाडाची साल आणि थोडी शेवाळ असे मिश्रण वापरले जाते. नारळाच्या सोडणाचे तुकडे घालायचे तर ते आधी अनेक पाण्यांतून भिजवून त्यांतला खार काढावा लागतो. पानांच्या बेचक्यात रात्रभर पाणी राहिले तर जिवाणूंमुळे कोंब सडतो आणि झाड मधूनच उचकटून हातात येते, त्यामुळे पाणी सकाळी, मिश्रणावरच, घालतात. प्रत्येक फुटवा आयुष्यात एकदाच फुलतो आणि मग बाजूला नवे फुटवे काढून ओसरतो. बेट वाटून लावताना तीनपेक्षा कमी फुटव्यांचा तुकडा केला तर फूल कित्येक वर्षे लांबते, हे अनुभवी माळी आवर्जून सांगतो.

जातींची निवडही हवेवर ठरते. नक्षीदार पानांच्या जाती उबदार हवेतल्या असल्याने बंगळूरच्या पठारावर सहज रमतात. इन्सिग्नेसारख्या हिरव्या पानांच्या जातींना कळी धरण्यासाठी हिवाळ्यात रात्री 10 ते 13 अंशांपर्यंतचा गारवा लागतो, आणि येथे तो क्वचितच, डिसेंबर-जानेवारीतील निरभ्र रात्रींपुरता मिळतो. म्हणून अशी झाडे घराच्या आत न ठेवता मोकळ्या जाळीखाली ठेवण्याचा प्रघात आहे. ड्रुरीच्या स्वभावाला इतरांपेक्षा जास्त उजेड आणि खेळती हवा मानवते, आणि आनेकलच्या माळावर या दोन्हींची वाण नाही.

वाण आहे ती पाण्याची. या तालुक्यात भूजलाचा उपसा पुनर्भरणाहून कितीतरी अधिक आहे, तळी एक तर आटली किंवा सांडपाण्याने भरली, आणि खोल कूपनलिकांतून येणारे पाणी क्षारयुक्त असते. स्लिपर ऑर्किडांच्या काही जाती चुनखडीच्या कड्यांवर वाढतात, त्यांना चुन्याचे वावडे नाही. परंतु कूपनलिकेच्या पाण्यातील सोडियम आणि इतर क्षार मिश्रणात साठत जातात, पानांची टोके जळतात आणि मुळांची वाढ थांबते. आनेकलमध्ये वर्षाला पडणारा पाऊस वळवाच्या सरी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा जोर धरून हौशी संग्रहाला पुरेल एवढा असतो, त्यामुळे छपरावरचे पाणी टाकीत साठवून उन्हाळ्यापर्यंत पुरवणे हाच येथील शहाणा मार्ग ठरला आहे. कूपनलिकेचे पाणी वापरावेच लागले तर अधूनमधून कुंडी पावसाच्या पाण्याने तळातून वाहीपर्यंत धुऊन काढतात, आणि दोन वर्षांच्या आत सारे मिश्रण बदलतात.